रिसेप्टर तयार होतो, पण पोहोचत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न आहे. थोरला भाऊ ४१व्या वर्षी हार्ट ॲटॅकनं गेला. सरांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल तरुणपणापासून जास्त. आता चौदा वर्षांच्या मुलीचं एलडीएल (रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल) २४८ आलं म्हणून जनुक तपासणी केली. रिपोर्टात आलं की एलडीएल रिसेप्टर, म्हणजे रक्तातलं एलडीएल उचलून पेशीत नेणारं प्रथिन, त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष आहे आणि त्या प्रतीवरून बनणारा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचत नाही. सर विचारतात : "तयार झालेलं प्रथिन पोहोचत नाही तर जातं कुठं? कुणाला कुठं पाठवायचं हे पेशीत ठरवतं कोण? आणि रिसेप्टरच खराब आहे म्हटल्यावर कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन उपयोग काय? रिपोर्ट देणाऱ्यांनी एवढंच सांगितलं की रिसेप्टर खराब आहे."

सर, एवढ्यावर तुमची बोळवण झाली याचं मला फार वाईट वाटलं. मी बेळगावात तीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं पेशींच्या आत रिसेप्टर कसे फिरतात याच प्रश्नाजवळ काढली. म्हणून जरा लांबण लावते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांच्या पोटात आहे.

तुमच्या घरातल्या या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, म्हणजे घराण्यातून येणारं उच्च कोलेस्टेरॉल. आधी एलडीएल म्हणजे काय ते पाहू. तो एक गोल कण असतो, सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचा. त्याच्या पोटात कोलेस्टेरॉल एस्टरचे साधारण दीड हजार रेणू असतात आणि भोवती एकच मोठं प्रथिन गुंडाळलेलं असतं. रक्तातले हे कण उचलायचं मुख्य काम यकृत करतं, आणि उचलायचं साधन म्हणजे एलडीएल रिसेप्टर. त्याचं डोकं पेशीबाहेर, रक्ताच्या बाजूला. मधला छोटा तुकडा पेशीपटलात रुतलेला. शेपटी पेशीच्या आत, अवघ्या ५० अमिनो आम्लांची. ही शेपटी लक्षात ठेवा, पुढं सगळं तिच्यावर येणार आहे.

तुमच्या भागातून सकाळी दूध बेळगावला येतं तेव्हा टेम्पोत कॅन चढवलेले असतात. डेअरीवर दूध ओततात आणि रिकामे कॅन परत गावाला जातात. कॅनवर मालकाची रंगाची खूण असते. ती गावातला टेम्पोवाला ओळखतो आणि डेअरीतला माणूसही ओळखतो. रिसेप्टर म्हणजे हा कॅन. दूध उतरवायचं आणि कॅन परत पाठवायचा, असा हा व्यवहार आहे. एलडीएल रिसेप्टर ही फेरी सुमारे दहा मिनिटांत पूर्ण करतो आणि जवळजवळ वीस तास जगतो. म्हणजे एक रिसेप्टर आयुष्यात शंभराहून जास्त फेऱ्या मारतो. म्हणून रक्तातलं एलडीएल किती उचललं जाईल हे पाहताना किती कॅन बनले एवढंच मोजून भागत नाही. किती कॅन गावापर्यंत पोहोचले आणि प्रत्येक कॅन किती वेळा परत आला, हेही मोजावं लागतं.

आता कॅन बनतो तिथून सुरुवात करते, कारण तुमच्या मुलीच्या रिपोर्टातला दोष तिथलाच आहे.

जनुकावरचा निरोप घेऊन रायबोसोम प्रथिनाची साखळी विणायला लागतात. साखळीच्या सुरुवातीलाच एक छोटा तुकडा असतो, तो सांगतो की मला एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये न्या. प्रथिनाच्या अंगावरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो, हे ग्युंटर ब्लोबेल यांनी दाखवलं आणि १९९९ साली त्यांना नोबेल मिळालं. या पहिल्या खोलीत साखळीची घडी बसते. एलडीएल रिसेप्टरची घडी फार अवघड आहे. त्याच्या बाहेरच्या भागात सिस्टीन नावाची गंधक असलेली ६० अमिनो आम्लं असतात आणि त्यांच्या जोड्या जुळून ३० गंधक-बंध तयार व्हावे लागतात. कुठल्या सिस्टीननं कुणाचा हात धरायचा हे चुकलं की सगळी घडी बिघडते. एलडीएल पकडणारी सात छोटी घरं ओळीनं असतात, प्रत्येक घरात तीन बंध आणि एक कॅल्शियम. साखळी विणली जात असताना सुरुवातीला चुकीच्या जोड्याही जुळतात. मग मदतनीस प्रथिनं त्या सोडवून बरोबर लावून देतात. या मदतनीसांना शॅपेरोन म्हणतात. मी वर्गात त्यांना 'पाठराखीण' म्हणायची. नवरीबरोबर पाठराखीण जाते तशीच ही त्या कोवळ्या साखळीबरोबर राहतात.

घडी नीट बसली नाही तर पाठराखिणी तिला सोडत नाहीत. प्रथिन त्या खोलीतच अडकतं. काही वेळ वाट पाहिली जाते, मग त्याला मागं खेचून पेशीतल्या प्रोटिअसोम नावाच्या यंत्रात बारीक केलं जातं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच : ते प्रथिन पहिल्या खोलीत अडकतं आणि बहुतांश तिथूनच संपतं. एलडीएल रिसेप्टरच्या दोषांचे सहा वर्ग केलेले आहेत, त्यातला हा दुसरा वर्ग. काही दोषांत वाट पूर्ण बंद असते, काहींत थोडे रिसेप्टर हळूहळू सुटून पोहोचतात. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. जेलवर प्रथिनं वजनाप्रमाणं वेगळी होतात, तिथं नवा रिसेप्टर १,२०,००० वजनाच्या ठिकाणी दिसतो. गॉल्जी नावाच्या पुढच्या खोलीत साखरेच्या साखळ्या पूर्ण झाल्या की तोच १,६०,००० च्या जागी सरकतो. दुसऱ्या वर्गातला रिसेप्टर खालच्याच पट्टीवर थांबून राहतो. पहिल्यांदा तो पट्टा पाहिला तेव्हा मी बराच वेळ त्या फिल्मकडं बघत बसले होते. एवढा मोठा आजार आणि तो एका न सरकलेल्या रेघेत दिसत होता. जपानमध्ये कोबेला योशिओ वातानाबे यांनी जे उच्च कोलेस्टेरॉलचे ससे पाळले, त्यांच्यातही असाच दोष निघाला. चार अमिनो आम्लं गळालेली, बाकी सगळं ठीक, आणि रिसेप्टर आतच अडकलेला.

घडी नीट बसलेला रिसेप्टर मात्र गॉल्जीमधून साधारण ४५ मिनिटांत पृष्ठभागावर येतो. यकृताच्या पेशीला एक बाजू रक्ताकडं आणि एक पित्ताकडं असते, त्यामुळं कोणत्या बाजूला जायचं हाही प्रश्न असतो. त्याचीही खूण शेपटीवर आहे. ती बिघडली तर चांगला रिसेप्टर पित्ताच्या बाजूला जातो आणि तिथं काहीही न पकडता बसून राहतो. असे रुग्ण फार थोडे सापडले आहेत.

आता पेशीच्या दारातली गोष्ट. मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते.

१९७०च्या दशकात डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन दोन्ही प्रती बिघडलेल्या, या रोगाच्या मुलांच्या त्वचेच्या पेशी वाढवून अभ्यास करत होते. बहुतेक मुलांच्या पेशी एलडीएल पकडतच नव्हत्या. जे. डी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक मुलगा मात्र वेगळा होता. त्याच्या पेशी एलडीएल पकडत होत्या, पण आत घेत नव्हत्या. रिचर्ड अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निरोगी पेशीत रिसेप्टर पृष्ठभागावरच्या छोट्या खळग्यांत गोळा झालेले असतात. हे खळगे पृष्ठभागाचा जेमतेम दोन टक्के भाग व्यापतात, पण निम्म्याहून जास्त रिसेप्टर त्यांतच असतात. जे. डी.च्या पेशीत ते सगळीकडं विखुरलेले होते, खळग्यांत कुणीच नव्हतं. १९७७ साली हे प्रसिद्ध झालं. पुढं १९८६ साली कारण सापडलं. ८३९ अमिनो आम्लांच्या रिसेप्टरमध्ये ८०७व्या जागेवरचं टायरोसिन बदलून सिस्टीन झालं होतं. एकच अक्षर, आणि तेही शेपटीत. वडिलांकडून हा बिघडलेला रिसेप्टर आला होता, आणि आईकडून आलेल्या प्रतीवरून रिसेप्टर बनतच नव्हता. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ साली, नोबेल मिळालं होतं.

त्या एका टायरोसिनवर एवढं काय अवलंबून होतं? त्याच्या शेजारी ॲस्परॅजिन, प्रोलिन, व्हॅलिन अशी ओळ आहे. टायरोसिन धरून ही चार अक्षरं म्हणजे कॅनवरची रंगाची खूण. खळग्याच्या आतल्या बाजूला क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. बार्बरा पिअर्स यांनी १९७५च्या सुमारास केंब्रिजमध्ये डुकराच्या मेंदूतून ते वेगळं काढलं. तीन पायांचे तुकडे एकमेकांत अडकून बुट्टीसारखी जाळी विणतात. पण क्लॅथ्रिनला रिसेप्टर वाचता येत नाही. मध्ये वाचणारी प्रथिनं लागतात, त्यांना अडॅप्टर म्हणतात. यकृतात ही चार अक्षरं वाचणाऱ्या अडॅप्टरचं नाव एआरएच. ते २००१ साली सापडलं, तेही सार्डिनिया बेटावरच्या कुटुंबांच्या मदतीनं. तिथल्या मुलांचे रिसेप्टर ठणठणीत होते, बिघडला होता तो वाचणारा. तरी परिणाम जवळजवळ तोच. म्हणून 'रिसेप्टर खराब' या दोन शब्दांत हा आजार मावत नाही.

जाळी पूर्ण झाली की खळगा तुटून आत एक छोटी पिशवी होते. जाळी गळून पडते आणि पिशवी एंडोसोमला मिळते. ही पेशीतली डेअरी. इथं आम्लता वाढते, पीएच ६ च्या आसपास आणि पुढं त्याहून खाली. आम्लात रिसेप्टर आपल्याच अंगावर दुमडतो. पंख्यासारखा एक भाग असतो, तो एलडीएल धरणाऱ्या घरांवर येऊन बसतो आणि एलडीएल सुटतं. दूध ओतलं गेलं. सुटलेलं एलडीएल लायसोसोम या पेशीच्या पचनखोलीत जाऊन पचतं.

कॅनचं पुढं काय करायचं, हा निवाडा इथंच होतो. एंडोसोम हा सपाट, एकसारखा फुगा नसतो. त्यातून बारीक नळ्या बाहेर पडतात, आणि उरलेला फुगलेला भाग आतल्या बाजूला बुडबुडे तयार करतो. नळीत शिरला तो पृष्ठभागावर परत जातो. बुडबुड्यात शिरला तो लायसोसोममध्ये संपतो. नळीत जायला वाचणारा लागतो, आणि इथं जे सापडलं त्याचं मला आजही अप्रूप वाटतं : दारात एआरएचनं वाचलेली तीच चार अक्षरं आत एसएनएक्स१७ नावाचं दुसरं प्रथिन वाचतं आणि रिसेप्टरला परतीच्या वाटेला लावतं. टेम्पोवाला आणि डेअरीवाला, खूण एकच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच : ठरवतात ती अंगावरची खूण आणि ती वाचणारी प्रथिनं. या वाटेवर रिट्रोमर आणि रिट्रीव्हर अशी प्रथिनांची दोन मोठी मंडळं काम करतात. रिट्रोमर १९९८ साली यीस्टमध्ये सापडलं. रिट्रीव्हरची ओळख २०१७ साली पटली, एसएनएक्स१७ त्याच्याबरोबर काम करतं. रिट्रोमरच्या व्हीपीएस३५ या घटकातल्या एका बदलामुळं पार्किन्सन होतो, हेही २०११ पासून माहीत आहे. म्हणजे परतीची वाट बिघडली तर फटका यकृताबाहेरही बसतो.

संपायला पाठवायचं असेल तर पेशी शेपटीवर युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवते. ते दिसलं की एस्कॉर्ट नावाची यंत्रणा रिसेप्टरला धरून बुडबुड्यात ढकलते. पेशीत कोलेस्टेरॉल जास्त झालं तर आयडॉल नावाचं एन्झाइम एलडीएल रिसेप्टरवर हीच चिठ्ठी लावतं.

विषय थोडा बाजूला जातोय, पण तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून सांगते. वाढीचा निरोप घेणारा ईजीएफ रिसेप्टर घ्या. त्याला ईजीएफ चिकटलं तर ते आम्लातही सुटत नाही. त्यामुळं रिसेप्टरवर युबिक्विटिन टिकून राहतं आणि तो संपवला जातो. टीजीएफ-अल्फा हे वाढीचा निरोप आणणारं दुसरं प्रथिन चिकटलं तर ते आम्लात सुटतं आणि रिसेप्टर परत येतो. रिसेप्टर तोच, दारही तेच. आम्लात हात सुटतो की नाही, एवढ्यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

हे मुद्दाम सांगितलं, कारण तुमच्या मुलीला पुढं लागू शकेल अशा एका औषधाचं मूळ यातच आहे. २००३ साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांत एलडीएल फार जास्त होतं, पण रिसेप्टरचं जनुक ठीक होतं. दोष निघाला पीसीएसके९ या प्रथिनात. यकृत ते रक्तात सोडतं, ते बाहेरून रिसेप्टरला चिकटतं आणि त्याच्याबरोबर आत जातं. आम्लात ते सुटत नाही, उलट कितीतरी पटीनं घट्ट बसतं. रिसेप्टरला दुमडता येत नाही, परतीच्या नळीत शिरता येत नाही आणि तो लायसोसोममध्ये संपतो. कॅनचं झाकण जाम झालं, रिकामा करता येईना, मग सरळ भंगारात. याची उलट बाजू २००६ साली समोर आली. डॅलसमध्येच जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी पाहिलं की काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत पीसीएसके९ची एक प्रत जन्मतःच निकामी असते. त्यांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयरोगाचा धोका ८८ टक्क्यांनी कमी. आयुष्यभर थोडं कमी एलडीएल राहणं म्हणजे काय, हे त्या आकड्यांनी दाखवलं. पीसीएसके९ला रक्तातच पकडणारी इंजेक्शनं २०१५ पासून वापरात आहेत. यकृतात ते बनूच न देणारं आणि सुरुवातीचे डोस झाल्यावर सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इन्क्लिसिरान त्यानंतर आलं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, गोळीचा उपयोग काय.

मुलीकडं जनुकाच्या दोन प्रती आहेत आणि एकच बिघडलेली आहे. दुसऱ्या प्रतीवरून बनणारे रिसेप्टर नीट घडी होऊन, नीट पोहोचून, नीट परत येतात. तुम्ही विचारता ती गोळी म्हणजे स्टॅटिन. ते यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं. पेशीला टंचाई जाणवते. तेव्हा पहिल्या खोलीत थांबवून ठेवलेलं एसआरईबीपी नावाचं प्रथिन गॉल्जीत पाठवलं जातं, तिथं ते कापलं जातं आणि तुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन एलडीएल रिसेप्टरचं जनुक जोरात चालू करतो. म्हणजे स्टॅटिनचं कामही शेवटी एका प्रथिनाला एका खोलीतून दुसरीत पाठवण्यानंच होतं. दोन्ही प्रतींवरचं उत्पादन वाढतं. बिघडलेल्या प्रतीचे बरेचसे आतच अडकतील, पण चांगल्या प्रतीचे जास्त रिसेप्टर पृष्ठभागावर येतील आणि रक्तातलं एलडीएल उतरेल. तोच तुकडा पीसीएसके९चं जनुकही चालू करतो, म्हणून स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. अशा वेळी डोस वाढवत नेण्यापेक्षा आतड्यात कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारं एझेटिमाइब जोडणं, आणि तरी पुरलं नाही तर पीसीएसके९ची इंजेक्शनं, हा क्रम शहाणपणाचा आहे.

या आजारात मुलांना स्टॅटिन आठ ते दहा वर्षांपासून देतात आणि दहा वर्षांपुढं एलडीएल १३० च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. चौदावं वर्ष म्हणजे लवकर नाही. आहार सांभाळाच, तूप आणि तळलेलं बेतानं ठेवा. पण २४८ नुसत्या आहारानं १३० वर येणार नाही. ती आशा धरून दोन वर्षं घालवू नका. कुंदा खाल्ला म्हणून हे झालेलं नाही, हे मुलीलाही सांगा. या वयात मुलं स्वतःला दोष देतात. पुढं लग्न होऊन मूल हवं असेल तेव्हा गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायचं, एवढी एक गोष्ट तिच्या कानावर आतापासून घालून ठेवा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम लिहिते. आपल्याकडं मामाची मुलगी करायची, आत्याच्या घरी द्यायची रीत आहे. शेजारच्या कन्नड घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. एकाच प्रतीत दोष असलेली माणसं सुमारे अडीचशेत एक असतात, पण दोन्ही प्रती बिघडलेलं मूल काही लाखांत एक. नात्यात लग्न झालं आणि दोघांकडं तोच दोष असला तर प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक होते. अशा मुलात स्टॅटिनचा आणि पीसीएसके९च्या इंजेक्शनांचा आधार फार तोकडा पडतो, कारण वाढवायला आणि वाचवायला चांगले रिसेप्टर उरतच नाहीत. एका घरी मी हे पाहिलंय. सात वर्षांच्या मुलाच्या कोपरांवर आणि टाचेवर कोलेस्टेरॉल साठून झालेल्या पिवळट गाठी होत्या. घरचे त्यांना चामखीळ समजून लेप लावत होते. नातं मोडा असं मी सांगत नाही. पण स्थळ घरातलं असेल तर दोघांचं एलडीएल आधी बघा.

तुमच्या स्वतःच्या टाचेमागची जाड शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायूचा दोर) एकदा बोटांत धरून बघा. दोन्हीकडं जाडसर, गाठाळ लागत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. आणि तुमची गोळी चालू नसेल तर ती मुलीच्या आधी सुरू व्हायला हवी, कारण तुमच्या रक्तवाहिन्यांनी हे एलडीएल तिच्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं सोसलंय.

भावाच्या मुलांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. हा दोष घराण्यात तुमच्या बाजूनं आलेला दिसतो, म्हणजे भावाला तो असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला तो मिळाला असण्याची शक्यता मग निम्मी. साधं लिपिड प्रोफाइल पुरे आहे, बहुतेक वेळा उपाशीपोटी राहावंही लागत नाही. एलडीएल जास्त आलं तर मुलीच्या रिपोर्टाची प्रत सोबत द्या. जनुकातली नेमकी जागा त्यात लिहिलेली असते, त्यामुळं बाकीच्यांचं सगळं जनुक वाचावं लागत नाही, तेवढी एकच जागा तपासली की झालं. वहिनींना या आठवड्यातच फोन करा.